नेहमीचं लिहा

धुलाई कारखान्यात कोण सुखी आहे आणि कोण नाही, हे पूर्वी कुणी कुणाला विचारत नसे. त्यामुळे ते सगळ्यांना ठाऊक असे. रोलरवरचा इस्त्रीवाला सकाळी कुणाशी बोलला नाही की समजायचं, घरी वाजलंय. घडीच्या टेबलावरच्या बायका एकदम गप्प झाल्या की समजायचं, ज्या बाईबद्दल बोलणं चाललं होतं ती आत्ताच येऊन उभी राहिलीय. बॉयलरवाला गुणगुणायला लागला की सगळे मुकाट्याने लांब सरकायचे, कारण तो फक्त बॉयलर बिघडला तरच गुणगुणायचा. हा सगळा हिशेब तोंडी होता आणि चोख होता. मग कल्याणबाई आल्या आणि तो वहीत गेला.

कल्याणबाई हे काही त्यांचं नाव नव्हे. त्यांच्या दारावर 'कर्मचारी कल्याण अधिकारी' अशी पाटी लागली होती आणि एवढं लांबलचक म्हणायला कारखान्यात कुणाला सवड नव्हती. बाई वयाने लहान आणि मनाने चांगल्या. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे त्यांच्यावर राग काढावासा वाटेल आणि तो काढून हाती काही लागणार नाही. त्यांनी आल्या आल्या सगळ्यांना एकेक पातळ वही वाटली आणि कॅन्टीनमध्ये उभं राहून सांगितलं की रोज सुटायच्या आधी हिच्यात फक्त तीन ओळी लिहायच्या. आज काय पार पडलं, काय राहून गेलं, आणि मन कसं आहे. त्या स्वतः कॉलेजात असल्यापासून लिहितात, तेव्हापासून त्यांचं एकही काम राहत नाही आणि कारखान्यातली कटकट घरी जात नाही. हमालांपैकी एकाने विचारलं की हा लिहिण्याचा वेळ आपला धरायचा की कंपनीचा. कंपनीचा, असं कळल्यावर योजना एकमताने पसंत पडली.

पहिल्या दोन ओळी कुणालाही जमण्यासारख्या होत्या. तिसरीपाशी गाडं अडलं. 'मन कसं आहे' यापुढे इस्त्रीवाल्याने 'आहे' एवढंच लिहिलं. घडीच्या टेबलावरच्या एका बाईने 'ठीक' लिहून शेजारणीच्या वहीत डोकावून पाहिलं, तिथे 'छान' दिसलं, म्हणून आपलं खोडून 'फार छान' केलं. बॉयलरवाल्याने मात्र खरं लिहिलं. त्याने लिहिलं, 'कंटाळा आलाय.' दुसऱ्या दिवशी त्याला कल्याणबाईंच्या खोलीत बोलावणं आलं. तिथे एक मऊ सोफा होता आणि नाक पुसायच्या कागदांचं खोकं होतं. त्या सोफ्यात रुतून बसून बॉयलरवाल्याला आपल्या कंटाळ्याचं मूळ शोधावं लागलं, आणि जेवणाची सुट्टी त्यातच गेली. मग त्याला आठवडाभर हलकं काम दिलं, आणि हलक्या कामाला जादा तासांचा भत्ता नसतो. कंटाळा तेव्हापासून कारखान्यातून कायमचा नाहीसा झाला. म्हणजे वहीतून झाला.

आता राहिला लिहिण्याचा त्रास. दिवसभर सोड्याच्या पाण्यात हात घातल्यावर बोटं अशी सुरकुततात की पेन धरवत नाही. काहींना लिहायची सवय नव्हती, काहींना हौस नव्हती. कल्याणबाईंनी मोठ्या मनाने सवलत दिली की ज्यांना जमत नसेल त्यांनी सांगावं आणि वहिनींनी लिहून घ्यावं.

वहिनी म्हणजे घडीच्या टेबलावरची मुख्य बाई. तिचा धाकटा दीर याच कारखान्यात होता आणि तो तिला वहिनी म्हणे. ऐकून ऐकून सगळा कारखानाच तिचा दीर झाला. तिच्या वडिलांच्या वयाचा बॉयलरवाला तिला वहिनी म्हणे, मालकही म्हणत, आणि मालकीणबाईंनी एकदा फोनवर 'जरा वहिनींना द्या' म्हटलं तेव्हा हे नातं नेमकं कुठून कुठे जातं, हे कुणालाच सांगता आलं नाही. तिचं अक्षर टपोरं होतं. चादरीची घडी जशी काठाला काठ लावून घालायची, तसंच ती लिहायची. आत काय आहे ते आत, वरून सगळं सपाट.

सुरुवातीला तिने रीतसर विचारून पाहिलं. सुटायच्या वेळी ती टेबलाशी वह्या घेऊन बसे आणि एकेकाला विचारी, काय लिहू. पण माणसाचं एक बोट चपलेत आणि एक डोळा दाराकडे असताना तो मनाबद्दल काय सांगणार. पहिल्यांदा इस्त्रीवाला जाता जाता म्हणाला, "आमचं नेहमीचं लिहा." मग सगळेच म्हणायला लागले. पुढे तेही म्हणेनासे झाले. नुसती मान हलवून जायचे. आणि वहिनी नेहमीचं लिहायची.

पण तिलाही स्वतःच्या कामाची चाड होती. सगळ्या वह्यांत एकच वाक्य उतरवणं तिला कमीपणाचं वाटे. बॉयलरवाल्याच्या वहीत ती 'वाफेचा दाब नीट राहिला, मन शांत' असं लिही. घडीवाल्या एका बाईच्या वहीत 'मैत्रिणींबरोबर वेळ कसा गेला कळलं नाही' असं लिही, जरी ती बाई खिडकी उघडी ठेवावी की बंद यावरून त्या मैत्रिणींशी महिनाभर बोलत नव्हती. 'राहून गेलं' या ओळीत ती काहीतरी निरुपद्रवी टाकायची, म्हणजे खरं वाटेल: साबणाचं पोतं हलवायचं राहिलं, एका उशीच्या अभ्र्याचं बटण लावायचं राहिलं. वाचून कल्याणबाई खूश व्हायच्या. कुणाला सोफ्यावर बसावं लागत नव्हतं, कुणाची सुट्टी बुडत नव्हती. वहिनीच्या हिशेबात ही फसवणूक नव्हती, सोय होती. आणि वहिनीचा हिशेब आजवर सहसा चुकला नव्हता.

तिलाही त्यातून काही मिळणारच नव्हतं असं नाही. तिचे गुडघे दुखत. घडीच्या टेबलाशी दिवसभर उभं राहावं लागतं. कल्याणबाईंच्या खोलीबाहेर, खिडकीपाशी, एक खुर्ची होती, आणि ती वह्यांच्या कामासाठी कायमची वहिनीला द्यायचं बाईंनी जवळजवळ कबूल केलं होतं. वहिनी जाता येता त्या खुर्चीकडे अशी पाही, जसं लग्नाच्या वयाच्या मुलाकडे मुलीची आई पाहते. हात लावायचा नाही, पण नजर ठेवायची.

धाकट्याची वहीसुद्धा तीच लिहायची.

धाकटा म्हणजे तिचा तो खराखुरा दीर. नवऱ्याहून बराच लहान. ती लग्न करून आली तेव्हा तो मिशी फुटली की नाही हे रोज आरशात बघण्याच्या वयाचा होता. पुढे त्याचं लग्न तिनेच जमवलं, जावेला घरातली कपाटं कुठली कुठे ते तिनेच दाखवलं, आणि जाऊ आजारी पडली तेव्हा इस्पितळात एक दिवस तिने आणि एक दिवस त्याने, अशा पाळ्या केल्या. जाऊ सगळा हिवाळा तिथे होती. मग एका सकाळी पाळी धाकट्याची होती, आणि पुढे पाळ्या करायची गरज उरली नाही. तेव्हापासून तो यांच्याच घरी, मागच्या खोलीत राहत होता. ताट पुढे केलं की जेवायचा, विचारलं की बोलायचा, पगार आणून वहिनीच्या हातात द्यायचा. कुणी म्हटलं असतं, सावरलाय. म्हणायचेच सगळे.

कारखान्यात तो निवडणीच्या टेबलावर होता. निवडणी म्हणजे बाहेरून आलेली मळकी गाठोडी सोडायची आणि कपडा कपड्यापासून वेगळा करायचा: हॉटेलांचे टॉवेल इकडे, इस्पितळांच्या चादरी तिकडे, डाग पडलेलं तिसरीकडे, सोड्याच्या पाण्यात बुचकळून. नुसतं बघून चालत नाही, प्रत्येक चादरीचा कोपरा उलटून शिक्का बघावा लागतो. इस्पितळाचा लाल शिक्का आणि त्याखाली वॉर्डाचा आकडा. नाहीतर एकाच्या चादरी दुसऱ्याकडे जातात आणि फोन येतात.

जाऊ ज्या वॉर्डात होती त्या वॉर्डाच्या चादरी याच कारखान्यात येत. तेव्हाही येत होत्या, आताही येतात. हे वहिनीला माहीत होतं, पण माहीत असणं आणि मनात येणं यात फरक असतो. तिच्या टेबलाशी चादर येते ती धुऊन, वाळून, गरम आणि कोरी होऊन. त्या चादरीवर कुणी निजलं होतं असं वाटतच नाही.

एकदा सुटायच्या वेळी, बाकीचे निघून गेल्यावर, धाकटा टेबलाशी थांबला. वहिनीने त्याची वही उघडली होती. तो वहीकडे न बघता म्हणाला, "वहिनी, त्या वॉर्डाची चादर आली ना, की हात थांबतात. कोपरा उलटवत नाही."

वहिनीने पेन खाली ठेवलं. ती म्हणाली की होतं असं भावजी, दिवस जातील तसं कमी होईल. तो हो म्हणाला आणि बाहेर तिची वाट बघत उभा राहिला. वहिनीने पेन उचललं. तिच्या डोळ्यांपुढे तो मऊ सोफा आला, त्यात रुतलेला धाकटा आला, आणि त्याला खोदून खोदून विचारणाऱ्या कल्याणबाई आल्या. त्याला हे कुणा परक्यापुढे उकलून दाखवावं लागू नये, असं तिला मनापासून वाटलं. तिने लिहिलं, 'सगळी गाठोडी वेळेत झाली. उद्याची आधी लावून ठेवायची राहिली. कामात मन रमलं.' घडी चांगली बसली होती.

पुढे पुढे धाकट्याचं जेवण कमी झालं. मागच्या खोलीतला दिवा पहाटे वहिनी उठायची तेव्हाही चालूच दिसे. एकदा आंघोळीनंतर टॉवेल घेताना त्याने टॉवेलाचा कोपरा उलटून पाहिला. तिच्या नवऱ्यानेही ते पाहिलं. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर वर-खाली करून घरी येई तेव्हा बोलायचं त्याच्या जिवावर येई. पण त्या दिवशी तो म्हणाला, "त्याला त्या टेबलावरून काढ." जणू कारखाना वहिनीच्या माहेरचा होता.

जागा मात्र खरोखरच निघाली. वाळवणीच्या खोलीतला म्हातारा कामगार काम सोडून मुलीकडे राहायला गेला. वाळवणीची खोली म्हणजे कारखान्यातली सगळ्यात चांगली जागा: उबदार, कोरडी, मोठमोठी यंत्रं एका सुरात फिरतात, आणि तिथे येणारा कपडा धुतलेला असतो. शिक्का कुणी बघत नाही. वहिनीने धाकट्याला चार दिवस मागे लागून अर्ज करायला लावला. तो नको नको म्हणत होता. ती म्हणाली, तुम्ही फक्त जागा मागा, बाकी मी बघते. हे बाकी काय, ते तिचं तिलाही ठरलेलं नव्हतं.

कल्याणबाईंनी धाकट्याला बोलावलं, आणि लिहिणारी म्हणून वहिनीलाही. सोफ्यावर तिघं बसणार कशी, म्हणून वहिनी दाराशी उभी राहिली. बाईंच्या मांडीवर दोन वह्या होत्या. त्या हळुवारपणे म्हणाल्या की जागा एकच आहे, आणि ती ज्येष्ठतेने किंवा ओळखीने द्यायची नाही, गरजेने द्यायची असं त्यांनी मालकांकडून भांडून मिळवलंय. आणि गरज कुणाची, हे त्या ज्याच्या त्याच्या शब्दांवरूनच ठरवणार आहेत. मग त्यांनी इस्त्रीवाल्याची वही उघडून दाखवली. गेले काही दिवस तिच्यात पाठ दुखत होती. रोज थोडी जास्त. आदल्या दिवशी तर 'वाकताना डोळ्यांपुढे अंधारी आली, तरी काम सोडलं नाही' असं होतं.

ती अंधारी वहिनीनेच आणली होती. इस्त्रीवाला नुसती मान हलवून जायचा, तो एकाएकी पाठीचं लिहा म्हणायला लागला, तेव्हा तिला वाटलं, गडी लहरी आहे. त्याने फक्त 'पाठ दुखते' एवढंच सांगितलं होतं. अंधारी आणि काम न सोडणं ही तिची भर. जागा गरजेने मिळणार, ही बातमी त्याला मालकांच्या ड्रायव्हरकडून आधीच लागली होती, हे तिला आता उमगलं. आणि त्याची पाठ इतकी ठणठणीत होती की सुट्टीच्या दिवशी तो शेजाऱ्यांची कपाटं हलवून द्यायचा.

मग बाईंनी धाकट्याची वही उघडली आणि त्यातल्या ओळी वाचायला सुरुवात केली. कामात मन रमलं. आज हलकं वाटलं. सहकाऱ्यांचा आधार वाटतो. वाचताना त्यांचा आवाज भरून आला. त्या म्हणाल्या, एवढ्या दुःखातून गेलेला माणूस या टेबलावर उभा राहून असा सावरतो, हे त्यांनी मालकांना मुद्दाम वाचून दाखवलं होतं. अशा माणसाला त्याच्या सवयीच्या जागेवरून हलवलं तर उलट त्रास व्हायचा.

धाकटा खाली बघत होता. वहिनीला स्वतःचीच वाक्यं एकेक करून ऐकू येत होती, आणि प्रत्येकाचा काठ काठाला लागलेला होता.

"वहिनी," कल्याणबाई म्हणाल्या, "हे सगळं त्यांनीच सांगितलेलं ना?"

वहिनीने तोंड उघडलं. उघड्या दारातून खिडकीपाशी ती खुर्ची दिसत होती. ती खुर्चीमुळे थांबली असं म्हणणं अन्याय होईल, आणि खुर्ची तिला दिसलीच नाही असं म्हणणंही खरं होणार नाही. ती क्षणभर थांबली, एवढं खरं. आणि तेवढ्यात धाकटा म्हणाला, "हो. माझंच आहे."

घरी ताट वाढल्यावर वहिनीने विचारलं की का बोललात तसं. तो म्हणाला, "तुमचे गुडघे दुखतात." आणि जेवायला लागला. दोन घास जास्तच खाल्ले त्याने, आणि तेच वहिनीला बघवेना. नवऱ्याने एकदा याच्याकडे आणि एकदा तिच्याकडे पाहिलं आणि पाण्याचा ग्लास उगाच उचलून परत ठेवला.

सकाळी कारखान्यात पोचल्याबरोबर, अंगावर एप्रन न चढवताच, वहिनी कल्याणबाईंच्या खोलीत गेली आणि त्या सोफ्यावर पहिल्यांदा बसली. तो वाटतो तेवढा मऊ नव्हता. तिने सांगितलं की धाकट्याच्या वहीतलं एक अक्षरही धाकट्याचं नाही. तो काय म्हणाला होता ते सांगितलं, आणि तिने काय लिहिलं ते सांगितलं.

बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी भिंतीकडे पाहिलं. भिंतीला लागून कपाट होतं आणि त्यात सगळ्या कारखान्याच्या भरलेल्या वह्या ओळीने लावल्या होत्या. मग त्यांनी हळूच विचारलं, "बाकीच्यांच्याही?"

हा प्रश्न येणार, हे वहिनीला रात्रीच कळलं होतं, आणि त्याचं उत्तर तिने रात्रभर दोन्ही बाजूंनी करून पाहिलं होतं. हो म्हणावं, तर बॉयलरवाल्यापासून सगळ्यांना या सोफ्यावर यावं लागणार, आणि या पोरीने मालकांपुढे जे जे वाचून दाखवलं ते सगळं खोटं ठरणार. तिची नोकरीही जाईल कदाचित. इस्त्रीवाल्याच्या पाठीचं सांगावं, तर तो म्हणणार मी सांगितलं तेच लिहिलंय, आणि ते खोटं नव्हतं. वहिनी म्हणाली, "नाही. फक्त यांची. घरचं माणूस म्हणून मी लिहिलं."

बाईंनी मान डोलावली. त्यांचा विश्वास बसला की त्यांनी तो बसवून घेतला, हे त्यांचं त्यांना ठाऊक. त्या म्हणाल्या की पेन आता वहिनींकडे ठेवता येणार नाही. वहिनी म्हणाली, बरोबर आहे. मग त्या म्हणाल्या की इस्त्रीवाल्याची बदली आठवडाभर थांबवून ठेवता येईल. धाकट्याने आठवडाभर स्वतःच्या हाताने लिहावं. जे आहे ते, एक ओळ का असेना. एवढं त्यांच्या हातात आलं की वाळवणीची जागा त्याची.

याहून जास्त कुणी काय द्यायचं. वहिनी जवळजवळ पळत निवडणीच्या टेबलाशी गेली, गुडघे विसरून. धाकट्याने सगळं ऐकून घेतलं. हो म्हणाला.

पहिल्या दिवशी त्याने कोपऱ्यात उभं राहून, भिंतीवर वही टेकवून लिहिलं. वहिनी लांबून बघत होती. लिहायला त्याला वेळ लागला. त्याची बोटं पांढरी पडली होती आणि पेन दोनदा निसटलं. तिला बरं वाटलं: वेळ लागतोय म्हणजे खरं लिहितोय. रोज तसंच झालं. तिने घरी विचारलं नाही; उगाच नजर लागायची.

आठवडा संपला तेव्हा कल्याणबाईंनी वही स्वतः आणून वहिनीच्या हातात दिली. अक्षर धाकट्याचं होतं, वेडंवाकडं, ओळ सोडून खाली घसरलेलं. 'सगळी गाठोडी वेळेत झाली. कामात मन रमलं.' पुढच्या पानावर, 'आज हलकं वाटलं.' त्याच्या पुढच्या पानावर पुन्हा मन रमलं. एकही वाक्य नवीन नव्हतं. सगळी तिचीच होती, तिने रोज लिहिलेली, त्याने मागच्या पानांवरून बघून उतरवलेली. 'सहकाऱ्यांचा आधार' मधला धा त्याच्याने नीट निघाला नव्हता, म्हणून त्याने तो दोनदा गिरवला होता.

वहिनी वही तशीच हातात धरून निवडणीच्या टेबलाशी गेली. गाठोडी सुटून पडली होती आणि धाकटा त्यांच्यासमोर उभा होता.

"का हो, भावजी? एक ओळ लिहायची होती. मला सांगितलीत तीच."

त्याने चादरीवरची नजर काढली नाही. "लिहायला गेलो होतो, वहिनी. नाही जमलं. लिहिलं असतं तर ते तिथे राहिलं असतं." मग म्हणाला, "तुम्ही लिहीत होतात ना, तेव्हा निदान वहीत तरी एकाचं बरं चाललं होतं. त्याला कशाला मोडायचं."

वहिनीने वही मिटली. आजवर तिने कुणाकुणाची किती तरी दुखणी घडी घालून ठेवली होती, पण त्या घडीतच कुणी राहायला जाईल, हे तिच्या कुठल्याच हिशेबात नव्हतं.

इस्त्रीवाला वाळवणीच्या खोलीत गेला. पहिल्याच दिवशी त्याने तिथल्या उबेत स्टूल टाकून भिंतीला पाठ टेकली, आणि ती पाठ तेव्हापासून दुखलेली नाही. खिडकीपाशीच्या खुर्चीत घडीच्या टेबलावरची दुसरी एक बाई बसली, तीच ती 'फार छान' वाली. तिचं अक्षर बारीक होतं पण ती झपाझप लिहायची.

खुर्ची हुकली म्हणून कल्याणबाईंनी वहिनीला विचारलं की टेबल बदलून हवं असेल तर तुम्हाला कुठे जायला आवडेल. वहिनी म्हणाली, निवडणीला. तिथे कुणी आपणहून जात नाही, त्यामुळे हो म्हणायला कुणाची परवानगी घ्यावी लागली नाही. आता ती धाकट्याच्या शेजारी उभी राहते. गाठोडं सुटलं की ती आधी हात घालते, चादरींचे कोपरे भराभर उलटते, आणि तो आकडा दिसला की ती चादर आपल्या बाजूला ओढून घेते. धाकट्याकडे टॉवेल जातात. त्याला कळतं, आणि आपल्याला कळतं हे तो दाखवत नाही. मागच्या खोलीतला दिवा अजून पहाटेपर्यंत असतो. ताटातलं अजून राहतंच.

सुरुवातीला वहिनीला वाटलं होतं, चादर ती चादर, आपलं काय जातंय. पण धुवायच्या आधीची चादर तिने कधी हातात धरली नव्हती. तिच्यावर माणसाच्या अंगाच्या सुरकुत्या तशाच असतात. एका बाजूला पाय ओढून घेतलेले, एका बाजूला कुणीतरी काठ मुठीत धरलेला. जावेला काठ मुठीत धरायची सवय होती. वहिनीच्या पाळीच्या दिवशी तो काठ सोडवून घ्यायला बोट बोट उघडावं लागायचं. आता मधूनच एखाद्या चादरीचा असा चुरगळलेला काठ येतो, आणि वहिनीचा हात कोपऱ्यापाशी जाऊन थांबतो. धाकट्याला दिसू नये म्हणून ती खोकल्याचं निमित्त करते.

परवा सुटायच्या वेळी ती नळाखाली हात धूत होती. बोटं पांढरी पडून सुरकुतली होती. पेन धरवलं नसतं. खिडकीपाशीच्या खुर्चीतून ती बाई ओरडून विचारत होती, हिचं काय, त्याचं काय. बॉयलरवाला मान हलवून गेला. धाकटा मान हलवून गेला. मग आवाज आला, "वहिनी, तुमचं काय लिहू?"

वहिनीने नळ बंद केला. एप्रनला हात पुसले, आणि एक पाय चपलेत घातला.

"नेहमीचं लिही," ती म्हणाली.